पुंगळी

परवाना यायला चौदा महिने लागले.
आयुक्तालयाच्या बाकावर बसून मी शेंगा सोलल्या,
चौकीचा हवालदार घरी येऊन विचारून गेला,
शेजाऱ्यांशी भांडण? नवऱ्याशी?
नवरा फोटोत. तो काही बोलला नाही.

मग आलं. बत्तीस बोअरचं, खोक्यात,
तेलकट मेणकागदात गुंडाळलेलं,
रुखवतातल्या भांड्यासारखं कोरं,
अजून कुणाचंच नाव न घातलेलं.

रेंजवर पहिली गोळी गेली. दुसरी गेली.
तिसरीला रिकामी पुंगळी दारातच उभी राहिली,
ना आत ना बाहेर,
उधारी मागायला आलेल्या पाव्हण्यासारखी.
काढली. पुन्हा भरलं.
दोन गेल्या. परत तेच.

मी सगळ्यांना दोष दिला.
काडतुसांना, तेलाला, कारखान्याच्या शिक्क्याला,
फुरसुंगीच्या धुळीला,
जी माझ्या पंपाच्या नोझलमध्येही शिरते
आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हरपळेबाई माप मारते.
जाऊबाईंनासुद्धा, खोकं उघडताना
"आज अवस आहे" म्हणाल्या म्हणून.

पंपावरची पोरं मात्र तेव्हापासून
बाईचं मॅडम म्हणायला लागली.
सासवड रोडचा तो टेम्पोवाला
मागची बाकी स्वतःहून देऊन गेला.
पर्स नुसती टेबलावर ठेवली तरी
आवाज खाली यायचे.
कुणाला माहीत होतं,
आत दोनच आहेत, आणि मग खोळंबा.

मला माहीत होतं.
रात्री कॅश मोजताना साठापुढे आकडा चुकायचा.
ते तिघे आले होते त्या रात्री
माझ्या हातात टाकीत तेल मोजायची पट्टी होती.
तीच उगारून उभी राहिले होते.
साडेतीन लाख गेले,
आणि बबनच्या डाव्या कानाचं ऐकणं.

कॅम्पातल्या दुकानाच्या मागच्या खोलीत खुडे बसतात.
खडकीला उभा जन्म काढलाय, चष्म्याच्या काडीला दोरा.
कशाला घेतलंत, असं त्यांनी विचारलं नाही.
जुन्या पंचांगाच्या पानांवर
एकेक भाग सुटा करून मांडला,
मॅगझिनच्या ओठावरून अंगठा फिरवला.
"इथं वाकलंय बघा."
मला इतकं बरं वाटलं, की हसूच आलं.
म्हटलं, मी सांगतच होते, माल खराब.
"थांबा," म्हणाले.

रिकामं केलं, दोनदा बघितलं, मलाही बघायला लावलं.
हातात दिलं, भिंतीकडे तोंड करून.
नळीवर रुपया ठेवला.
"ओढा चाप."
रुपया पडला.
"परत."
पडला. घरंगळत कपाटाखाली गेला,
खुडे गुडघे धरत वाकले, काढून आणला, पुसला.

"बाई, हे मागं येतं ना,
तेव्हा त्याला कुणीतरी घट्ट धरलेलं लागतं.
तुमचं मनगट आधीच माघार घेतंय.
मग पुंगळीनं जायचं कुठं?"

त्यांनी पावती फाडली.
"एक मॅगझिन खराब. एक मनगट.
मॅगझिनचेच पैसे घेतलेत."

परतताना भैरोबा नाल्याच्या सिग्नलला
मी स्टिअरिंगवर माझे हात पाहिले.
याच हातांनी टँकरची झाकणं उघडलीत,
मिस्टरांना खांद्याखाली धरून उठवलंय वर्षभर.
तिथे कधी सुटले नाहीत.

आता रोज हिशोब मिटला की
पंपामागच्या घरात, गोळ्या कपाटात बंद करून,
दोनदा तपासून, भिंतीकडे तोंड करून उभी राहते.
रुपया पडतो.
टेबलाच्या काचेवर त्याचा फार आवाज होतो.
काल मात्र पडला नाही.
चाप वाजला, आणि तो तिथेच,
नळीच्या टोकाला, नुसता चमकत.
मी श्वास सोडायचा विसरले.
समोर भिंत होती, तरी कुणाचा तरी चेहरा यायला लागला,
पोरगेलासा, ओठावर जेमतेम मिसरूड.

तेवढ्यात बाहेरून बबन,
ऐकू येत नाही म्हणून स्वतःच मोठ्याने,
"मॅडम, रुपया सुटा आहे का?"

तोच उचलून दिला.